आप्पांचा पहिला खड्डा

आप्पा, काल तुमच्या दहाव्याला नदीच्या घाटावर माइक लागला होता. तालुक्याची माणसं आली, कारखान्यावरची आली, ज्यांच्याशी तुमचं उभ्या जन्मात पटलं नाही तीही आली आणि तुमच्याविषयी गोड बोलून गेली. कुणी विकासपुरुष म्हणालं, कुणी गावाचा आधारवड. रस्त्याचं निघालं, बंधाऱ्याचं निघालं, शाळेच्या खोल्यांचं निघालं. पण एवढ्या भाषणांत एकाही बहाद्दराच्या तोंडून संडास हा शब्द निघाला नाही. एक जण 'स्वच्छतेच्या कार्यात' इतकंच म्हणाला, घोटभर पाणी प्यायला आणि पुढं सरकला. ज्या गोष्टीपायी तुम्ही अर्ध्या गावाच्या शिव्या खाल्ल्या, ती तुमच्याच दहाव्याला कुणाच्या जिभेवर येईना. तुम्ही असता तर उठून माइक हिसकावून घेतला असता.

मी मागं बायकांत बसले होते. रडले बिडले नाही. माझं सगळं लक्ष तुमच्या घरामागच्या खड्ड्यात अडकलं होतं. संडासाचा पहिला खड्डा. तो उपसायचा राहिला आणि तुम्ही निघून गेलात. तेराव्याला पाहुण्यांची पंगत बसायच्या आत तो रिकामा व्हायला हवा होता, आणि कुणाच्या हातानं होणार ते ठरलं नव्हतं. तुम्ही गावापुढं दिलेला शब्द खरा होता का नुसता भाषणातला, ते आता तुमच्या माघारी ठरणार होतं. मला भाषणांपेक्षा त्याची काळजी जास्त होती.

आपली ओळख शिट्टीनं झाली, आठवतं ना? मी सुनंदा, बौद्धवस्तीतली सून, बारावीपर्यंत शिकलेली, नुकतीच आशाताई म्हणून गावच्या आरोग्याच्या कामाला लागलेली. तुम्ही सरपंच. तालुक्याहून तेव्हा गुड मॉर्निंग पथक यायचं. दिवस उगवायच्या आत बांधाबांधानं फिरायचं, उघड्यावर बसलेला दिसला की शिट्टी फुंकायची आणि त्याच्या हातात गुलाबाचं फूल द्यायचं. मलाही एक शिट्टी मिळाली होती. कालव्याच्या कडेला उसाच्या आडोशाला मला पांढरी टोपी दिसली. मी जोरात फुंकली. टोपी उठली, वळली, आणि टोपीखाली तुम्ही होता.

"कोन हाय रं तिकडं?"

"मी आशा, आप्पा."

"आशा असशील न्हाईतर निराशा, मानसाला बसू तरी दी!"

"आप्पा, तुमच्या घरी संडास आहे ना? ग्रामसभेत तुम्हीच तर सांगितलंत."

"त्यो बायकांसाठी हाय. आन् पाव्हन्यांसाठी. मला मोकळ्यातच लागतं."

पथकातल्या पोरीनं तुमच्या हातात फूल दिलं. तुम्ही ते टोपीत खोचलंत आणि रुबाबात घराकडं निघालात, जसं काही सत्काराहून आलात. त्या दिवशी गावात दुसरा विषय नव्हता.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आमच्या वस्तीत आलात. बाया घराघरांतून डोकावायला लागल्या. माझ्या सासूबाई म्हणाल्या, गेली हिची नोकरी. तुम्ही अंगणाच्या बाहेर उभे राहिलात आणि विचारलंत, "कालचं कुनाला बोललीस?" मी म्हणाले, पथक होतं सोबत, मी कशाला बोलू? तुम्ही असे हसलात की टोपी सरकली. "बरं आशाबाई, उद्यापासनं घरातच बसतो. तू मातर ती शिट्टी जरा दमानं वाजव." माझं नाव सुनंदा आहे, हे मी तुम्हाला तेव्हापासून सांगत आले. तुम्ही शेवटपर्यंत आशाबाईच म्हणालात.

मी चहाचं विचारलं. तुम्ही म्हणालात, साखर हाय मला. मी म्हणाले, बिनसाखरेचा करते. तुम्ही म्हणालात, पुन्यांदा कवातरी. त्यानंतर तुम्ही कितीदा तरी आमच्या अंगणाशी आलात, आणि दर वेळी तेच. साखर खरी होती. मीच तर तुमच्या बोटाला सुई टोचून ती बघायची. पण बिनसाखरेचा चहा दवाखान्यातले डॉक्टरसुद्धा बंद करत नाहीत. तुम्ही साखरेसाठी नाही म्हणायचात का आणखी कशासाठी, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही खरं सांगितलं असतं. म्हणूनच विचारलं नसेल.

शिट्टीवरूनच आपलं पहिलं भांडण झालं. आमच्या वस्तीतल्या एका म्हातारीला पथकानं धरलं, गळ्यात हार घातला आणि फोटो काढला. तो फोटो दुपारपर्यंत सगळ्या गावाच्या मोबाइलवर. म्हातारीनं संध्याकाळची भाकरी सोडली. पोटात काही गेलंच नाही तर सकाळी बाहेर जायला नको, असा तिचा हिशेब. ती सुकत चालली तेव्हा मी पंचायतीत आले, खुर्चीवरही बसले नाही.

"आप्पा, ही शिट्टी बंद करा."

"लाजंबिगर गाव सुदरत न्हाई, आशाबाई."

"लाज आमच्या वस्तीला नवी नाही. पिढ्यान् पिढ्या पुरवलीय गावानं. तिच्यानं कोण सुधारलं ते मला दाखवा."

तुम्ही कागद चाळत बसलात. पण शिट्टी त्या दिवशी ऑफिसातल्या खिळ्याला अडकली ती तिथंच राहिली, आणि पुढच्या महिन्यात त्या म्हातारीच्या दारात संडासासाठी वाळू-विटा पडल्या. माझं बरोबर होतं असं मात्र तुमच्या तोंडून कधी आलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचात, पथकालाच येळ न्हाई आता. असे तुम्ही.

मग घरोघरी संडास झाले, आणि आपल्या गावानं आपली अक्कल दाखवली. सरकारचं म्हणणं होतं, दोन खड्डे घ्या, उथळ घ्या. आपल्या लोकांनी एकच घेतला, आणि तो असा खोल की वरून बघितलं तर डोळे फिरावेत. ज्याचा खड्डा खोल तो मोठी असामी. तुमचा चुलतभाऊ तर पाव्हण्यांना हाताला धरून मागं न्यायचा, "दोन परस खाली गेलोय, नातवालासुद्धा बघाया लागनार न्हाई." कालव्याच्या गावात दोन परस, म्हणजे दोन माणसांच्या उंचीइतकं, खाली गेलं की काय असतं? पाणी. तेच पाणी शेजारच्या विहिरीत, तेच बोअरला, तेच हंड्यात. त्या साली अख्ख्या आळीला जुलाब लागले. मी पिशवीत क्षारसंजीवनीची पाकिटं घेऊन दारोदार फिरत होते आणि माणसं मलाच विचारत होती, आता तर संडास बांधलाय, मग हगवण कशी?

तुम्ही चिडला होता. लोकांना शास्त्र कळत नाही, असं म्हणत होता. मी म्हणाले, आप्पा, त्यांना सगळं कळतं. खड्डा खोल घेतात तो भरू नये म्हणून नाही. आपल्याला उपसावा लागू नये म्हणून. मैला आपला, पण हात दुसऱ्याचा पाहिजे, आणि दुसरा कोण ते सांगायची ह्या गावात गरज नाही.

माझ्या सासऱ्यांच्या पिढीनं मेलेली ढोरं ओढायचं सोडलं तेव्हा गावानं त्यांचं दळण बंद केलं होतं. महिनोन् महिने ते लांबच्या गावाहून पीठ आणायचे. तुम्ही तेव्हा लहान होता, पण तुम्हाला ठाऊक होतं, कारण गिरणी तुमच्या चुलत्याची होती. तेच काम आता ह्या नव्या संडासांच्या मागनं पुन्हा आमच्या दाराशी येऊन उभं राहील, ही माझी भीती होती. मी ती तुम्हाला तशीच सांगितली. एवढं तोंडावर मी दुसऱ्या कुणाला बोलले नसते.

"मंग दोन खड्ड्यांचाच करून दावतो," तुम्ही म्हणालात. "माझ्याच घरी."

आपण पाबळकडं एका शेतकऱ्याच्या घरी बघायला गेलो होतो. त्यानं बंद ठेवलेला खड्डा उघडला. आत नुसतं काळं, कोरडं, भुसभुशीत खत. वास म्हणाल तर ओल्या मातीचाही नाही. त्यानं ओंजळभर काढून माझ्यापुढं धरलं, मी हातात घेतलं, चहाच्या चोथ्यासारखं लागत होतं. तुम्ही दोन्ही हात पाठीमागं घट्ट बांधून उभे होता.

"आप्पा, घाबरलात होय?"

"घाबरतोय कशाला? हात धुवायला पानी कुठं हाय ते बघतोय."

परतीच्या वाटेवर शिरूरच्या स्टँडवर गाडी थांबली. तुम्ही नळाशी गेलात आणि साबण लावून कोपरापर्यंत हात धुतलेत. हात लावला होता मी, धुतलेत तुम्ही! मला इतकं हसू आलं की चहा सांडला. तुम्ही आधी रागावलात आणि मग स्वतःही हसलात. ते हसणं आठवलं की तुमचा राग येत नाही मला. नाहीतर राग येण्याजोगं पुष्कळ होतं तुमच्यात.

घरी आल्यावर मात्र तुम्ही बोलल्याप्रमाणं केलंत. घरामागं दोन खड्डे खणले, माणसाच्या छातीइतकेच, जाळीच्या विटांचे. दोन्हींच्या मध्ये चौकोनी कुंडी. तिच्यात एका बाजूला वीट लावली की पाणी दुसऱ्या बाजूला जातं. पहिला भरला की बंद करायचा, दुसरा सुरू करायचा. दुसरा भरेपर्यंत पहिल्यातल्याचं खत होतं. ते उपसायचं, शेताला घालायचं आणि वीट फिरवायची. एवढंच शास्त्र. अवघड होतं ते फक्त उपसायचं.

आणि मग ती ग्रामसभा. मारुतीच्या पारावर, सगळ्या गावापुढं तुम्ही म्हणालात, "माझा खड्डा भरंल तवा म्या सोता उपसनार. माझ्या हातानं. गावानं बघाया यायचं. आन् वस्तीतल्या कुनालाबी हाक मारायची न्हाई, आधीच सांगून ठिवतो." टाळ्या पडल्या. आमच्या वस्तीतली माणसं मागं बसली होती, त्यांनी वाजवल्या नाहीत. मीही वाजवली नाही. मी नुसतं ओरडून विचारलं, आप्पा, मुहूर्त कधीचा? सगळे हसले. पण खरं सांगू का, त्या रात्री मला बरं वाटलं होतं. कुणीतरी ते भर सभेत म्हणालं होतं.

पहिला खड्डा भरला. तुम्ही वीट लावलीत, दुसरा सुरू झाला. वर्ष उलटलं. पहिल्यातलं खत तयार होऊन कधीचं वाट बघत होतं, आणि तुमचा मुहूर्त काही निघेना. कधी कांदा काढणी, कधी लगीनसराई, कधी गुडघा. गुडघा खरा होता, साखरेसारखाच. मी दर भेटीला विचारायची आणि तुम्ही दर भेटीला नवीन सबब काढायचात. आधी आपण दोघं हसायचो त्यावर. मग मी हसेनाशी झाले.

गणपतीच्या आधी मी तुमची साखर बघायला आले होते. जिजी आत भाकरी थापत होत्या. तुमची बायको म्हणून नाही म्हणत, पण त्या घरात एवढं ऐकूनही काही न बोलणारं माणूस तेच एक. मी सुई टोचली, आकडा बघितला, आणि विचारलं.

"दिवाळीनंतर," तुम्ही म्हणालात.

"कुठल्या दिवाळीनंतर, आप्पा?"

"गुडघा बघतीयास न्हवं माझा?"

"बघते की. पण दत्ताचा गुडघा चांगलाय. त्याला सांगा."

तुम्ही टोचलेलं बोट चोळत बसलात. दत्ता तुमचा एकच मुलगा, रांजणगावला कंपनीत सुपरवायझर, शिरूरला फ्लॅट. त्याला तुम्ही सांगू शकत नव्हता, हे मला दिसलं. तरी मी थांबले नाही. म्हणाले, "आप्पा, मला ठाऊक आहे हे कसं होणार ते. तुमचा मुहूर्त निघणार नाही, आणि शेवटी आमच्याच वस्तीत निरोप येणार."

"ऊठ," तुम्ही म्हणालात. "नीघ हितनं."

मी मशीन पिशवीत टाकलं आणि निघाले. त्यानंतर तुम्ही मला पारावर दिसायचात आणि मी स्कुटीवरून गेले की कालव्याकडं तोंड फिरवायचात. मीही हॉर्न वाजवायचं सोडलं. वाटलं, दिवाळीनंतर बघू. आणि एका सकाळी जिजींचा टाहो ऐकू आला. झोपेतच गेलात. साखर बघायचं मशीन माझ्या पिशवीतच होतं.

मग पाहुणे लोटले. घर भरलं, अंगण भरलं आणि तिसऱ्या दिवशी संडास तुंबला. दुसरा खड्डाही तुडुंब. आप्पा, तुमच्या मयताला आलेली माणसं पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन तुमच्याच उसात जाताना मी डोळ्यांनी बघितली. रडावं का हसावं ते कळेना. दत्तानं यवतहून टँकर बोलावला. दुसऱ्यातला घट्ट गाळ पाइपला ओढेना, तेव्हा ड्रायव्हरनं पहिल्या खड्ड्याचं झाकण सरकवून बघितलं आणि म्हणाला, ह्यात माती हाय साहेब, पाइप ओढायचा न्हाई, मानूस उतरवा.

दुपारी माझा फोन वाजला.

"सुनंदाताई, दत्ता बोलतोय. एक काम होतं. तुमच्या वस्तीतलं कुनी मिळंल का? तेराव्याच्या आत खड्डा मोकळा व्हायला पायजे. मातीच हाय नुसती. काय म्हनल ते दिऊ."

मी म्हणाले होते तसंच झालं, शब्द न् शब्द. आपलं खरं झालं की माणसाला बरं वाटतं म्हणतात. मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. मला हे खरं व्हायला नको होतं, आप्पा. तुम्ही मला खोटं पाडावं म्हणूनच मी इतकी वर्षं तुमच्या मागं लागले होते. बाहेर येऊन दत्ताला फोन लावला आणि सांगितलं, आमच्या वस्तीत कुणी नाही.

माझा धाकटा दीर विलास तिथंच बसला होता. त्याचं कंपनीतलं कंत्राट सुटलंय, घरी बसून आहे. तो म्हणाला, "वहिनी, मी जातो की. मातीच हाय म्हनून तूच गावभर सांगतीस, वास येत न्हाई, रोग न्हाई. मंग मला काय होतंय?"

"तुला काही होत नाही. मातीच आहे."

"मंग?"

"मातीच आहे तर त्यांना उपसू दे."

हाताला काम नसलेल्या माणसाला मी काम नाकारत होते, हे मला कळत होतं. तो रागानं चप्पल घालून बाहेर गेला आणि मला वाटलं, हा तुमच्याकडेच चालला. पण तो पाराकडं गेला, आणि दिवे लागायच्या सुमाराला परत आला. म्हणाला, नाही जात. बास, एवढंच.

अशा अवस्थेत मी काल घाटावर आले होते. आमच्यात पिंड नाहीत, कावळा नाही. मी आपली लांबून बघत होते. पिंड मांडून झाले, सगळे मागं सरले. कावळा काही येईना. एक होता, पल्याडच्या लिंबावर, तो तिथंच पंख खाजवत बसला. मग नेहमीचं सुरू झालं. दत्ता हात जोडून म्हणाला, आप्पा, आईला मी सांभाळीन. कावळा ढिम्म. बहिणीचं माहेरपण करीन. ढिम्म. वाडीतली जमीन विकणार नाही. कारखान्यावरचे एक जण म्हणाले, तुमचा बंधारा पुरा करू. कावळ्यानं तोंड फिरवलं. ऊन चढलं, माणसं घड्याळं बघायला लागली.

तेव्हा जिजी उठल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना चार माणसांत बोलताना ऐकलं नव्हतं. डोक्यावरचा पदर नीट करून पुढं गेल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "तुमचा खड्डा आपल्याच घरचं हात उपसतील. दुसऱ्या कुनाच्या दारात जानार न्हाई. आता सुकानं जावा."

माइकवाला सुद्धा वायर गुंडाळायचा थांबला. दत्तानं मान खाली घातली. सगळ्यांच्या नजरा लिंबाकडं. आणि आप्पा, तो कावळा उडाला आणि सरळ केडगावच्या दिशेनं निघून गेला! भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि शिववला. मला कावळ्याचं काही नाही. आला असता तरी माझा विश्वास बसला नसता. पण जिजींचं बोलणं सगळ्या गावानं ऐकलं होतं.

आज सकाळी मी तुमच्या घरामागं आले तेव्हा जिजी पदर खोचून उभ्या होत्या. हातात फावडं, शेजारी घमेलं. पहारीनं झाकण सरकवत होत्या, आणि दत्ता मोबाइल हातात धरून, "आई, काय करतीस? लोकं काय म्हनतील?"

"लोकं हागत न्हाईत व्हय?"

"दोन दिस थांब, मी कायतरी बगतो."

"काय बगतोस? काल बोललीया म्या. कावळा आला न्हाई म्हून काय झालं, मानसं हुती की ऐकाया." आणि मग म्हणाल्या, "सुतकात हाय म्या. मला आता कसला इटाळ चिकटायचाय?"

त्या खड्ड्याच्या कडेला बसल्या, पाय खाली सोडले आणि उतरल्या. पासष्टीच्या पुढची बाई. पहिलं घमेलं त्यांनीच भरलं, वर सारलं. काळं, कोरडं, भुसभुशीत. तुमच्या हातून कधीच झालं असतं असं. दुसरं भरताना त्यांना धाप लागली, आणि दत्तानं मोबाइल खिडकीत ठेवला. शर्ट काढला. काही न बोलता खाली उतरला आणि आईच्या हातातलं फावडं घेतलं. जिजी वर आल्या आणि घमेली ओढायला लागल्या.

हळूहळू कुंपणाशी माणसं जमली. तुमचा तो दोन परसवाला चुलतभाऊही आला. मला बघून म्हणाला, "आशाताई, उभी काय ऱ्हायलीस? लाव की जरा हात, तुमचंच खातं हाय."

मी दोन्ही हात पाठीमागं घेतले आणि घट्ट बांधले. पाबळला तुम्ही बांधले होते ना, अगदी तसे. जिजी धापा टाकत घमेली ओढत होत्या, आणि मी बघत उभी राहिले. आप्पा, आयुष्यभर मी कुणाच्याही घरी गेले की आधी हात पुढं केलेत. आज नाही केले. तुमच्यासाठी मला जे करता येण्यासारखं होतं ते एवढंच होतं.

सगळं खत जिजींच्या लिंबोणीच्या आळ्यात गेलं. दत्तानं कुंडीतली वीट फिरवली, बादलीभर पाणी ओतलं, ते गडगडत पहिल्या खड्ड्यात गेलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. विलास कुंपणापाशी उभा होता, तो माझ्याकडं बघून नुसती मान हलवून गेला.

मग जिजींनी दोन्ही हात माझ्यापुढं केले. "पानी घाल, सुनंदा."

सुनंदा म्हणाल्या त्या. मी तांब्या घेतला, वरून धार धरली, साबण दिला. शाळेतल्या मुलांना सांगते तसं सांगितलं, बोटांच्या मध्ये, नखांत, मनगटापर्यंत. आमच्या सासूबाई सांगायच्या, त्या नवीन नांदायला आल्या तेव्हा तहान लागली की तुमच्या विहिरीवर ओंजळ करून उभं राहायचं, कुणीतरी येऊन वरून पाणी घालेपर्यंत. जिजींचं हात धुणं झालं तरी मी धार धरून होते. त्याच म्हणाल्या, बास गं.

आता वादाचं. 'माझ्या हातानं' असा तुमचा शब्द होता, आणि हात तुमचे नव्हते. तुम्ही टाळलंत आणि तुमच्या माघारी आधी तुमची बाईच उतरली. म्हणून तुम्ही जिंकलात असं मी कबूल करणार नाही, हे पक्कं धरा. पण मी म्हणाले होते, शेवटी आमच्याच वस्तीत निरोप येणार. तो आला, आणि तुमचा खड्डा तुमच्याच घरानं उपसला. तेवढ्यापुरती मी हरले, आप्पा. मला हरायचंच होतं. फक्त तुम्ही समोर बसलेले असायला हवे होता, आणि "आता बोल की, आशाबाई" असं म्हणायला हवं होतं.